दार पूर्वेला, पण झोपायची खोली कुठे?

पत्र : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझे पती औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतात. अकरा वर्षे जळगावात भाड्याने राहिल्यावर आता स्वतःचे घर घ्यावे असे ठरले आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि यावल तालुक्यातील गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला येणाऱ्या ७१ वर्षांच्या सासूबाई, असे पाच जण राहू. जानेवारीत दोन घरे पाहिली. पहिला फ्लॅट आहे. शहराबाहेरच्या नव्या वस्तीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चौथा, म्हणजे शेवटचा मजला, दोन बेडरूम. इमारतीत १६ फ्लॅट, लिफ्ट, जिम, क्लब हाऊस; फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग. ‘सुपर बिल्टअप’ १,१५० चौरस फूट, किंमत ४३ लाख ५० हजार, शिवाय पार्किंगचे १ लाख आणि क्लब हाऊसचे २ लाख. दार पूर्वेला आहे. दोन्ही बेडरूम आणि बाल्कनी पश्चिमेला. पाडव्यापर्यंत बुकिंग केल्यास मॉड्युलर किचन मोफत देऊ, असे बिल्डर म्हणतात. दुसरे आहे १४ वर्षांपूर्वीचे दक्षिणमुखी रो-हाऊस, ओळीतले मधले. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या, त्यावर स्वतःची गच्ची, मागे लहान अंगण आणि बोअर. किंमत ४० लाख. भिंतींना काही ठिकाणी तडे आहेत. पतींना फ्लॅट आवडला आहे आणि दक्षिणेच्या दाराला त्यांची हरकत आहे. सासूबाई विचारतात, ‘गच्ची नाही त्या घरात वाळवण कुठे घालू?’ कोणते घर घ्यावे आणि कोणत्या सोयींचा आग्रह धरावा?
— एक शिक्षिका, जळगाव

उत्तर :

ताई, नमस्कार.

दोन्ही घरांची माहिती तुम्ही इतकी नीट लिहिली आहे की मला उलट प्रश्न विचारावे लागले नाहीत. फक्त एक गोष्ट खटकली : दोन्ही घरे तुम्ही जानेवारीत पाहिलीत, आणि खानदेशात जानेवारीत न आवडणारे घर सहसा सापडत नाही. आपल्याकडे घराची परीक्षा एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत होते, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी ती ऊन लागते. त्यामुळे या उत्तरात मी आधी उन्हाविषयी, मग पाण्याविषयी आणि जमिनीविषयी लिहिणार आहे. जिम आणि क्लब हाऊस यांना उरेल तेवढी जागा मिळेल.

प्रथम दिशांचा प्रश्न घेतो, कारण तुमच्या घरातली चर्चा तिथेच अडली आहे. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांशी वाद घालण्याची मला हौस नाही. ज्याला ज्या दारातून आत जाताना समाधान वाटते त्याने ते दार निवडावे. पण दारातून माणूस दिवसाकाठी पाच-दहा वेळा जातो-येतो आणि झोपायच्या खोलीत सात-आठ तास काढतो, तेव्हा दिशा पाहायचीच असेल तर ती आधी झोपायच्या खोलीची पाहावी. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून २५ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून जाते. याचा अर्थ असा की ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. वर दोन फुटांचा छज्जा असला की त्या बाजूची खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलून दुपारीदेखील ४५ अंशांच्या आसपासच चढतो आणि त्याच खिडकीतून हवेहवेसे ऊन आत येते. पश्चिमेचे गणित याच्या उलट आहे. दुपार कलली की किरण आडवे येऊ लागतात, आणि आडव्या किरणांपुढे छज्ज्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता वायव्येकडे सरकून मावळतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत सायंकाळी सातच्या सुमारापर्यंत तापत राहते आणि मुले झोपायला जातात तेव्हा ती तापलेलीच असते.

थोडक्यात, तुम्ही पाहिलेल्या फ्लॅटमध्ये चांगली दिशा दाराला दिली आहे आणि वाईट दिशा दोन्ही झोपायच्या खोल्यांना. ज्या रो-हाऊसला पाहून तुमचे पती नाक मुरडतात, त्याला उन्हाच्या हिशेबाने सांभाळायला सर्वांत सोपी दिशा मिळाली आहे. दक्षिणमुखी घराला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी असते, म्हणून त्याची किंमतही थोडी उतरते. भाव ठरवायला बसताना हे ध्यानात असू द्या.

ते रो-हाऊस ओळीतले मधले आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मला ते फार महत्त्वाचे वाटते. मधल्या घराच्या पूर्व आणि पश्चिम भिंती शेजाऱ्यांच्या घरांना चिकटलेल्या असतात, त्यांना ऊन दिसतच नाही. उघडी राहतात ती फक्त दक्षिण-उत्तर तोंडे आणि डोक्यावरचे छत. धुळ्यातल्या क्रमांकांच्या जुन्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांत भर दुपारी शिरले तरी गारवा जाणवतो, त्यामागे जाड भिंतींइतकाच या शेजाराचाही वाटा आहे. अर्थात शेजाराची किंमतही मोजावी लागते. शेजाऱ्याच्या न्हाणीघरातली ओल तुमच्या देवघरात उगवू शकते आणि वाळवीला दोन घरांतली सीमा ठाऊक नसते, म्हणून सामाईक भिंतींवर ओलीचे पोपडे आणि वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का, हे दोन्ही बाजूंनी पाहून घ्या. शेजाऱ्यांची ओळखही त्या निमित्ताने होईल.

आता छताकडे वळतो, कारण डोक्यावर आलेल्या सूर्याचा मुख्य मारा तेच झेलते. यावलकडच्या जुन्या घरांची धाबी सासूबाईंना आठवत असतील : लाकडी तुळयांवर काड्यांचा थर आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारची उष्णता त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होते, आणि रात्री घरातली माणसे अंथरूण घेऊन धाब्यावर गेलेली असतात. पाच इंची सिमेंटचा स्लॅब एवढा धीर धरत नाही. दुपारी घेतलेली उष्णता तो सायंकाळपासून खोलीत सोडू लागतो, आणि पंखा लावला की तीच हवा अंगावर येते. माझे स्वतःचे पहिले घर शेवटच्या मजल्यावर आणि पश्चिमेच्या खोलीचे होते. मे महिन्यात आम्ही गाद्या उचलून जिन्यापाशी झोपत असू. ते घर मी बांधकामाचा इंजिनिअर असताना निवडले होते, म्हणून तुम्हाला दोष देण्याचा मला अधिकार नाही.

तुमच्या दोन्ही घरांच्या डोक्यावर उघडा स्लॅब आहे, हे खरे. फरक असा की रो-हाऊसचा स्लॅब तुमच्या मालकीचा आहे. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक बसवता येते, तेवढा खर्च नको असेल तर दरवर्षी मार्चअखेर चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारता येतो, आणि सौर पॅनेल बसवले तर तेवढ्या भागाला फुकटची सावली मिळते. फ्लॅटच्या वरची गच्ची १६ कुटुंबांची आहे. त्यांपैकी १२ कुटुंबांना छताच्या उष्णतेचा उपद्रवच होणार नाही, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत त्या खर्चाचा ठराव मांडणारे चौघेच उरतात. फॉल्स सीलिंगमुळे थोडा फरक पडतो, कारण स्लॅब आणि सीलिंग यांच्यामध्ये हवा अडते. पण उष्णता छतात शिरल्यावर तिला आतून थोपवण्यापेक्षा बाहेरूनच परतवणे अधिक परिणामकारक असते, आणि सीलिंगपायी खोलीची उंची कमी होते ती वेगळीच.

या जोडीला भिंतींचीही चौकशी करा. फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती किती जाडीच्या आहेत आणि त्या भट्टीच्या विटांच्या, राखेच्या विटांच्या की हलक्या ब्लॉकच्या आहेत, हे विचारा. दीपनगरच्या वीज केंद्रातील राखेमुळे आपल्या भागात राखेच्या विटा सर्रास वापरल्या जातात. त्या नीट बनवलेल्या असतील तर वाईट नसतात. नऊ इंची भिंतीऐवजी बाहेरच्या बाजूलाही साडेचार इंची भिंत उभी केली असेल, तर मात्र पश्चिमेच्या खोलीत राहणे कठीण होईल.

कूलर हा खानदेशी कुटुंबाचा आणखी एक सदस्य आहे, पण घराच्या कोणत्याही माहितीपत्रकात त्याच्यासाठी जागा दाखवलेली मी पाहिलेली नाही. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, म्हणून ओल्या ताट्यांतून येणारी हवा खरोखर थंड होते. जुलैत दमटपणा वाढला की तोच कूलर निरुपयोगी ठरतो. कूलरला बाहेरची ताजी हवा लागते आणि आत आलेली हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी किंवा दार लागते. एकच खिडकी असलेल्या खोलीत कूलर लावला तर तासाभरात अंथरूण ओलसर लागते आणि गारवा जातो. म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीत समोरासमोर किंवा निदान काटकोनात दोन उघड्या जागा आहेत का, कूलर ठेवता येईल अशी खिडकी सावलीच्या बाजूला आहे का, तिच्या बाहेर भक्कम कट्टा किंवा लोखंडी चौकट बसवता येईल का, आणि जवळ विजेचा पॉइंट व नळ आहे का, हे पाहा. रो-हाऊसमध्ये कूलर उत्तरेच्या खिडकीत बसवता येईल. फ्लॅटमध्ये बेडरूमच्या खिडक्या पश्चिमेलाच असल्याने तुमचा कूलर चार वाजता सगळ्यांत तापलेली हवा ओढेल. मग एसी येईल, आणि दीड टनाचा एसी चालू असताना तासाला साधारण दीड युनिट वीज घेतो, तर घरगुती कूलर त्याच्या काही अंशांतच भागतो. तुमच्या पतींनी हा हिशेब पंधरा उन्हाळ्यांचा करून पाहावा.

कूलरला पाणीही भरपूर लागते. मोठा कूलर रणरणत्या दिवशी शंभर लिटर सहज संपवतो. इथे उन्हाचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाला जाऊन मिळतो, आणि आपल्या शहरांत नळाला पाणी रोज येईलच असे नसते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन माणशी दिवसाला १३५ लिटर धरून केले जाते. पाच माणसांना ते ६७५ लिटर होते. एक दिवसाआड पाणी येत असेल तर कूलर धरून दीड ते दोन हजार लिटर साठवण तुमची स्वतःची हवी. इमारतीचा हिशेब याच पद्धतीने करा : १६ कुटुंबे, प्रत्येकी ५ माणसे, म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर. जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे हे बिल्डरला विचारा, आणि आकडा २० हजारांच्या बराच खाली असेल तर मे महिन्यात टँकरची वर्गणी भरावी लागेल असे समजा. नव्या वस्तीत महापालिकेची जलवाहिनी खरोखर पोहोचली आहे की अजून ‘मंजूर’ आहे, हे बिल्डरला न विचारता शेजारच्या इमारतीतल्या बायकांना विचारा. रो-हाऊसच्या बोअरचे पाणी एप्रिल-मेमध्ये किती टिकते आणि त्यात क्षार किती आहेत, हेही पाहायला हवे. नळाच्या तोट्यांवर आणि न्हाणीघराच्या फरशीवर पांढरा थर दिसला तर त्या पाण्याने गिझर आणि कूलरच्या ताट्या लवकर खराब होतात. गच्चीवरची टाकी काळी असेल तर ती बदलून पांढरी घ्या आणि तिच्यावर सावली करा. मे महिन्यात आपल्याला गिझरची गरज नसते, दुपारी चारला अंघोळीच्या लायकीचे पाणी मिळवणे हाच खरा प्रश्न असतो.

आता तड्यांविषयी, कारण रो-हाऊसचा निर्णय त्यांच्यावरच अवलंबून आहे. जुन्या लोकांनी गावच्या जमिनीचे दोन भाग केले होते : काळी ती शेताची आणि पांढरी ती वस्तीची. आज शहरांभोवती पडलेले बरेचसे लेआउट कालपर्यंत कापसाची शेते होती, म्हणजे आपण पांढरी सोडून काळीवर राहायला गेलो आहोत. तापी खोऱ्यातली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आटते. शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. तीच हालचाल घराखालीही होते. पाया उथळ, काळीतच थांबलेला असेल, तर घर दर पावसाळ्यात किंचित उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात किंचित बसते, तेही सगळीकडे सारखे नाही. उपाय नवे नाहीत : काळीचा थर ओलांडून मुरमापर्यंत खोदणे, किंवा तो थर फार खोल असेल तर तळाशी कंदासारखे फुगवलेले ‘अंडर-रीम्ड’ पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घालणे, ज्यांवर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पुष्कळ काम केले आहे, जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरणे, आणि घराभोवती पाणी मुरू नये म्हणून जोत्याला लागून तीन-चार फुटांची फरसबंदी करणे.

प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. बीमच्या खाली जिथे विटांची भिंत सिमेंटच्या बीमला भिडते तिथे आडवी बारीक रेघ दिसली, किंवा प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा दिसल्या, तर त्याने झोप उडवून घेऊ नका. लांबी भरून रंग मारला की भागते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, जिन्याच्या पायऱ्यांसारखा विटांच्या सांध्यांतून चढलेला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असा तडा मात्र जमिनीची हालचाल सांगतो. बीम किंवा कॉलममध्येच तडा असेल, किंवा तिथे गंजाचे डाग दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी अहवालाशिवाय पुढे जाऊ नका. नव्याने रंगवलेली भिंत पाहताना दारांकडे लक्ष द्या. दाराची वरची कड किंवा कोपरा रंधा मारून घासलेला असेल, तर ते दार पावसाळ्यात अडकत होते, आणि ही खूण रंगाने झाकता येत नाही. त्याच ओळीतल्या इतर घरांत नेमक्या त्याच जागी तडे आहेत का, हेही पाहा. सगळी ओळ एकाच मातीवर उभी आहे. मालक तयार असतील तर तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवून, शेजारी तारीख लिहून ठेवा. पावसाळा सुरू झाल्यानंतर महिन्याभरात काच अखंड राहिली तर तडा जुना आणि थांबलेला आहे असे बहुधा समजता येईल. काच तडकली तर घर अजून हलते आहे.

फ्लॅटची जमीनही बहुधा काळीच असणार, तेव्हा तिथे भिंती कोऱ्या आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. माती परीक्षणाचा अहवाल आणि पाया किती खोल नेला आहे याची माहिती बिल्डरकडे मागा. नव्या बांधकामात बिल्डरवर कायद्याने एक जबाबदारी आहे : ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो त्याने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. १४ वर्षांच्या घराला असा कोणी वाली नाही, म्हणूनच मी तड्यांवर एवढे लिहिले. जमिनीचा प्रश्न निघालाच आहे तर दोन्ही जागांजवळ नाला आहे का तेही पाहा. चाळीसगावात ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी गावात शिरले, ते पाहणाऱ्याला पूररेषा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते.

पैशांचा हिशेब फ्लॅटच्या बाजूने मला तितकासा दिसत नाही. ‘सुपर बिल्टअप’वर, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटाही धरून, भाव सांगण्याचा काळ गेला. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून कामाला लागलेल्या रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे व्यवहार चटई क्षेत्रावर व्हायला हवा, ज्यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. तुम्हाला चटई क्षेत्र सांगितलेले दिसत नाही. ते ७५० चौरस फूट निघाले, तर भाव चौरस फुटाला ३,७८३ नसून ५,८०० रुपये आहे. पार्किंगचा १ लाख कशाचा तेही विचारा. उघडी पार्किंगची जागा वेगळी विकता येत नाही.

याहून मोठी बाब जीएसटीची आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारणपणे ५ टक्के कर लागतो. आपल्यासारख्या महानगर नसलेल्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तर तो १ टक्का होतो. त्या एकूण रकमेत पार्किंग आणि क्लब हाऊससारखे आकारही मोजले जातात. तुमची बेरीज ४६ लाख ५० हजार होते, म्हणजे कर २ लाख ३२ हजार ५००. तीच बेरीज ४५ लाखांवर आणली तर कर ४५ हजार. दीड लाख उतरवून घेतल्याने तुमचे प्रत्यक्षात ३ लाख ३७ हजार ५०० रुपये वाचतात, आणि त्यात क्लब हाऊस गेले तर जाऊ द्या; १६ कुटुंबांच्या इमारतीत जिमची यंत्रे बिघडल्यावर ती दुरुस्त करण्याचा खर्च कोण करणार, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. रो-हाऊस जुने असल्याने त्यावर जीएसटी नाही. दोन्हींपैकी कोणतेही घर केवळ तुमच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पतींचे नाव सहमालक म्हणून जोडले तर ती मिळत नाही. ४० लाखांवर ते ४० हजार होतात. हा विषय घरात कसा काढायचा ते तुम्हीच ठरवा.

कागदपत्रांचे काम वकिलावर सोपवा, पण ते सोपवलेच पाहिजे. रो-हाऊससाठी एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, मालकीच्या व्यवहारांचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, उताऱ्यावर बँकेचा बोजा नाही याची खात्री आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या लागतील. जमीन प्रत्येक घराच्या नावे वेगळी आहे की सगळ्या ओळीची सामाईक, हे खरेदीखतात स्पष्ट हवे. फ्लॅटसाठी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख आणि चालू दावे पाहा, आणि नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नका. त्याहून अधिक मागण्याची बिल्डरला कायद्याने मनाई आहे.

मॉड्युलर किचनसाठी पाडव्याची घाई करू नका. भुशाच्या फळ्यांची कपाटे पाण्याने फुगतात आणि वाळवीला आवडतात. शिवाय वर्षाचे गहू, ज्वारी, डाळी भरून ठेवणाऱ्या घराला आधी कोठ्यांची जागा आणि कोरडा माळा हवा. ओट्यावर मोठी खिडकी आणि धूर ओढणारा पंखा मागा. फोडणीत मिरच्या पडल्यावर किंवा भरताची वांगी भाजायला घेतल्यावर सुंदर शटरपेक्षा हीच दोन उपयोगी पडतात. स्वतःची गच्ची असेल तर ३ किलोवॉटच्या सौर पॅनेलला साधारण ३०० चौरस फूट सावलीविना जागा लागते, ‘पीएम सूर्यघर’ योजनेत त्याला ७८ हजारांचे अनुदान आहे, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२ युनिटांच्या आसपास वीज मिळते. फ्लॅटमध्ये हे सोसायटीच्या संमतीशिवाय जमणार नाही.

माझा कौल असा आहे. इंजिनिअरने तडे निरुपद्रवी किंवा सहज दुरुस्त होण्याजोगे ठरवले, तर रो-हाऊस घ्या, आणि गच्ची, जोत्याभोवतीची फरसबंदी व खालचे न्हाणीघर यांसाठी दोन-तीन लाख हातात राहतील असा भाव पाडून घ्या. तड्यांचा अहवाल वाईट आला, तर तुम्ही न पाहिलेला तिसरा पर्याय पाहा : त्याच नव्या इमारतीत दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरचा, ज्याच्या झोपायच्या खोल्या पूर्वेला आहेत असा फ्लॅट. त्याचे दार कदाचित पश्चिमेला असेल आणि म्हणून तो अजून विकला गेला नसेल. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट मात्र मॉड्युलर किचनसकटही घेऊ नका.

सासूबाईंना रो-हाऊसमध्ये खालचीच खोली द्या. वरच्या मजल्याने तिचे छत झाकलेले असल्याने ती घरातली सर्वांत गार खोली असेल, आणि मेमधल्या वादळात वीज गेली तरी त्यांना लिफ्टची वाट पाहावी लागणार नाही. खालच्या न्हाणीघरात खुर्चीसारखे कमोड, भिंतीला धरायची दांडी आणि खडबडीत फरशी बसवून घ्या. राहिला वाळवणाचा प्रश्न. गच्चीपर्यंत दोन मजल्यांचा जिना आहे आणि तो ७१ वर्षांच्या गुडघ्यांनी पिठाची परात घेऊन चढण्याचा नाही. पण मागचे अंगण घराच्या उत्तरेला असले तरी मेमध्ये सूर्य डोक्यावर असल्याने दुपारी तिथेही भरपूर ऊन पडते, त्यामुळे बिबडे आणि पापड खालीच वाळतील. पुढच्या खेपेला सासूबाईंना सोबत घेऊन दुपारी बाराच्या सुमारास जा आणि अंगणात बाज टाकून चारी बाजूंनी फिरण्याइतकी जागा उरते का, ते टेपने मोजून घ्या.